मधपेट्यांचा ट्रेलर, लहान मोटार आणि विद्युत ब्रेकची जोडणी

फुलोऱ्यामागे वसाहती हलवणे हा व्यावसायिक मधमाशीपालनाचा कणा आहे. राजस्थानातील मोहरी, बिहारमधील मुजफ्फरपूरची लिची, उत्तरेकडील सूर्यफूल, महाराष्ट्रातील कांदा बीजोत्पादनाचे प्लॉट असा पेट्यांचा प्रवास वर्षभर चालू असतो. दीडशे-दोनशे पेट्यांचा पालक ट्रक ठरवतो. वीस-पंचवीस पेट्या असलेल्या पालकाला मात्र ट्रकचे भाडे परवडत नाही. त्याची नजर साहजिकच दारातल्या मोटारीकडे आणि तिच्यामागे जोडता येईल अशा ट्रेलरकडे वळते. अमेरिका व ऑस्ट्रेलिया या देशांत मोटारीमागे ट्रेलर ओढण्याची पद्धत चांगली रुळलेली आहे आणि ट्रेलरच्या विद्युत ब्रेकचा प्रसारही प्रामुख्याने तेथेच झाला. आपल्याकडे असा विचार करणाऱ्यांनी त्या तंत्रातील मूलभूत गोष्टी आधी समजून घेणे हिताचे आहे.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने वायरिंगवर लिहावे याचे कारण सरळ आहे. प्रवासात वसाहतींचे जे नुकसान होते, त्यातील बराच भाग रोग वा किडींमुळे होत नाही. पोळी चौकटीतून निखळतात, राणी दोन चौकटींमध्ये चिरडते, बंद पेटीत उष्णता वाढून माश्या गुदमरतात. पहिल्या दोन गोष्टींमागे बहुधा झटक्याने लागलेला ब्रेक असतो. तिसरीमागे रस्त्याच्या कडेला झालेला अनपेक्षित मुक्काम असतो. हे टाळण्याचे सूत्र एका वाक्यात सांगता येते : ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असावा, त्या ब्रेकची वीज स्वतःच्या वाटेने जावी, आणि मोटारीच्या मूळ वायरिंगकडून केवळ इशारा घ्यावा, भार तिच्यावर टाकू नये.

वजनाचा हिशेब

लँगस्ट्रॉथ पद्धतीची दहा चौकटींची पेटी, शिशुकोठी व एक मधकोठी मिळून, मधाच्या प्रमाणानुसार ३० किलोच्या आसपास भरते. अशा २४ पेट्यांचे वजन ७२० किलो होते. ट्रेलरचे स्वतःचे वजन २८० किलो धरल्यास एकूण १,००० किलो. चालक व सहकारी यांच्यासह लहान मोटारीचे वजन १,२०० किलो धरू.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या या मोटारीत सुमारे १६७ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते आणि ट्रेलरमध्ये सुमारे १३९ किलोज्यूल. ट्रेलरला ब्रेक नसेल, तर थांबताना ही दुसरी ऊर्जाही मोटारीच्याच ब्रेकना उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. म्हणजे त्यांच्यावरील भार ८० टक्क्यांहून अधिक वाढतो. घाटात हिशेब आणखी कठोर होतो. ३०० मीटर उंची उतरताना १,००० किलोच्या ट्रेलरमधून सुमारे २,९४० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. ताशी ६० किलोमीटर वेगावरून त्याला एकवीस वेळा थांबवण्याइतकी ही ऊर्जा आहे. तिचा काही भाग हवेचा रोध, टायरचे घर्षण आणि खालच्या गिअरमधील इंजिन यांच्याकडे जातो. उरलेली सर्व ब्रेकवर येते. तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते, आणि ती नेमकी उतार संपण्याआधी कमी होते.

म्हणूनच ऑस्ट्रेलियात ट्रेलरच्या चाकांवर येणारे भारासह वजन ७५० किलोपेक्षा अधिक असेल तर ट्रेलरला ब्रेक बंधनकारक आहेत. युरोपातही बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी ७५० किलोची कमाल मर्यादा आहे. लहान मोटारींची स्वतःची मर्यादा याहून पुष्कळ कमी असू शकते. मोटारीच्या पुस्तिकेत ओढण्याचे कमाल वजन व हुकवर चालणारा कमाल उभा भार दिलेला असतो. ते आकडे अंतिम मानावेत. पुस्तिकेत ओढण्यास मनाई असेल, तर कितीही चांगले वायरिंग ती मनाई उठवू शकत नाही.

विद्युत ब्रेक कसा चालतो

मोटारीमागील हलक्या ट्रेलरसाठी दोन प्रकारचे ब्रेक प्रचलित आहेत. युरोपात रेटा-ब्रेक अधिक वापरतात. मोटार मंदावली की मागून ट्रेलरचा रेटा कपलिंगमधील दांड्यावर येतो आणि त्या रेट्याने ब्रेक लागतो. त्यासाठी वीज लागत नाही. मात्र चालकाला हा ब्रेक स्वतंत्रपणे लावता येत नाही.

विद्युत ब्रेकमध्ये ट्रेलरच्या ड्रमच्या आत एका तरफेच्या टोकाला विद्युतचुंबक बसवलेला असतो. त्यात वीज गेली की चुंबक फिरत्या ड्रमच्या आतील सपाट पृष्ठभागाला चिकटू पाहतो आणि त्याच्याबरोबर ओढला जातो. त्या ओढीने तरफ फिरते व ब्रेकचे शू ड्रमवर दाबले जातात. यातून दोन गोष्टी निघतात. वीज थांबली की ब्रेक सुटतो. शिवाय ब्रेक लागण्यासाठी ड्रम फिरत असावा लागतो; म्हणून उभ्या ट्रेलरला उतारावर धरून ठेवण्याचे काम या ब्रेकवर सोपवू नये. पेट्या उतरवताना चाकांखाली ठोकळे लावणे अपरिहार्य आहे.

दहा इंची ड्रमच्या एका चुंबकाला पूर्ण जोरात सुमारे ३ अँपिअर वीज लागते. एका आसाच्या ट्रेलरला दोन चुंबक, म्हणजे ६ अँपिअर. दोन आसांच्या ट्रेलरला सुमारे १२ अँपिअर. किती वीज सोडायची हे चालकाजवळ बसवलेला ब्रेक-नियंत्रक ठरवतो. काही नियंत्रक ब्रेकचा दिवा लागल्यापासून ठरावीक गतीने वीज वाढवत नेतात. प्रमाणशीर नियंत्रकात मोटारीचा वेग किती झपाट्याने कमी होत आहे हे मोजणारा संवेदक असतो. मोटार जितकी जोरात थांबते, तितकाच जोर तो ट्रेलरला देतो. सजीव माल वाहणाऱ्याने प्रमाणशीर नियंत्रकच निवडावा. तो पुस्तिकेत दिलेल्या कोनात, प्रवासाच्या दिशेला समांतर आणि घट्ट बसवावा लागतो.

मोटारीच्या मूळ वायरिंगची मर्यादा

लहान मोटारीच्या मागील ब्रेकच्या साध्या बल्बची क्षमता २१ वॉट असते, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे पावणेदोन अँपिअर. दोन बल्बना साडेतीन अँपिअर लागतात. मूळ वायरी व फ्यूज एवढ्याच कामासाठी योजलेले असतात. ट्रेलरचे दोन बल्ब त्याच वायरीला जोडले की भार दुप्पट होतो. त्यावर चुंबकांचे ६ अँपिअर टाकले, तर फ्यूज तरी जातो किंवा वायर तरी तापते. फ्यूज गेल्यास मोटारीचे स्वतःचे ब्रेक-दिवेही बंद पडतात आणि मागून येणाऱ्या वाहनाला कोणतीच सूचना मिळत नाही.

नव्या मोटारींमध्ये अडचण अधिक नाजूक आहे. त्यांचे दिवे संगणकीय नियंत्रकामार्फत चालतात. हा नियंत्रक प्रत्येक दिव्याची वीज मोजतो आणि ती अपेक्षेपेक्षा जास्त आढळल्यास तो मार्ग बंद करतो. काही मोटारींमध्ये दिव्याला वीज सलग न देता अतिजलद तुकड्यांनी दिली जाते. डोळ्यांना ते जाणवत नाही, परंतु त्या वायरीला परस्पर फाटा जोडल्यास ट्रेलरचे दिवे लुकलुकतात. यावर उपाय म्हणजे स्वतंत्र वीज घेणारा रिले-संच. हा संच मोटारीच्या दिव्यांच्या वायरींवरून अत्यल्प वीज घेऊन केवळ इशारा ओळखतो आणि ट्रेलरच्या दिव्यांना लागणारी वीज बॅटरीवरून आलेल्या स्वतंत्र, फ्यूज लावलेल्या वायरीतून पुरवतो. मोटारीच्या निर्मात्याने मान्य केलेला तयार संच मिळत असेल, तर तोच घ्यावा.

ब्रेकच्या चार वायरी

नियंत्रकाला साधारणतः चार वायरी असतात. प्रत्येकीचे काम वेगळे आहे.

१. धन वायर : ही थेट बॅटरीच्या धन टोकाकडून यावी. बॅटरीपासून अगदी जवळ सर्किट ब्रेकर बसवावा; दोन चुंबकांसाठी २० अँपिअर, चार चुंबकांसाठी ३० अँपिअर. संरक्षण बॅटरीपाशी असेल तरच पुढील सर्व वायर सुरक्षित राहते.

२. ऋण वायर : ही तितक्याच जाडीची असावी. काही नव्या मोटारींच्या ऋण टोकावर बॅटरीचा संवेदक बसवलेला असतो. अशा वेळी निर्मात्याने दाखवलेल्या चासीवरील बिंदूलाच ही वायर जोडावी, म्हणजे संवेदकाचा हिशेब चुकत नाही.

३. इशाऱ्याची वायर : ब्रेकचे पेडल दाबल्यावरच जिवंत होणाऱ्या वायरीला ही जोडली जाते. इंडिकेटर किंवा धोक्याचे दिवे चालू केल्यावर त्या वायरीत वीज येत नाही ना, हे मीटरने तपासावे. अन्यथा इंडिकेटरच्या प्रत्येक उघडझापीबरोबर ट्रेलरचा ब्रेक लागेल.

४. ब्रेकची वायर : नियंत्रकापासून मागील सॉकेटपर्यंत आणि तेथून चुंबकांपर्यंत. हिच्यात मध्ये सांधे नसावेत. सायलेन्सर, हलते भाग व चाकांच्या वेग-संवेदकांच्या वायरी यांच्यापासून ती दूर न्यावी. पत्र्यातून आरपार जाते तेथे रबरी ग्रोमेट बसवावे.

जाडीबाबत काटकसर करू नये. मोटारीतील ५ मीटर व ट्रेलरमधील ४ मीटर धरल्यास जाऊन-येऊन १८ मीटर तांब्याची वायर होते. ती १ चौरस मिलिमीटर जाडीची असल्यास ६ अँपिअरला सुमारे १.९ व्होल्ट वायरीतच खर्च होतात. ४ चौरस मिलिमीटर जाडीत हा ऱ्हास अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १३-१४ व्होल्टपैकी जवळजवळ दोन व्होल्ट वाटेत गेले, तर चुंबकाची ओढ लक्षणीय घटते आणि चालकाला कारण कळत नाही.

दिव्यांची जोडणी आणि अर्थिंग

ऑस्ट्रेलियातील सात पिनांच्या जोडणीत पिवळी वायर डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्या इंडिकेटरची, पांढरी अर्थिंगची, लाल ब्रेक-दिव्याची, तपकिरी मागील दिव्यांची, काळी मागे घेण्याच्या दिव्याची आणि निळी विद्युत ब्रेकची असते. युरोपातील सात पिनांच्या जुन्या जोडणीत तीच निळी वायर धुक्याच्या दिव्यासाठी असते. अमेरिकेत इंडिकेटर व ब्रेक-दिवा बहुधा एकाच वायरीवर चालतात. आपल्या मोटारींत ते वेगळे असतात. म्हणून परदेशी आकृती पाहून रंगाला रंग जोडू नये. प्रत्येक पिनचे काम मीटरने ओळखून तिची नोंद कागदावर करावी आणि तो कागद मोटारीतच ठेवावा.

ट्रेलरच्या दिव्यांतील बहुतेक बिघाड अर्थिंगचे असतात. हुकच्या गोळ्यावर ग्रीस व गंज असतो. त्याला अर्थिंगचा मार्ग समजणे धोक्याचे आहे. अर्थिंग तुटले की वीज दुसऱ्या बल्बच्या तारेतून परतीची वाट शोधते. डावा इंडिकेटर लावल्यावर मागील दिवेही मंद उघडझाप करू लागले, तर बल्ब बदलण्याआधी पांढरी वायर तपासावी. चुंबकांचे अर्थिंगही ट्रेलरच्या सांगाड्यावर न सोपवता वायरीनेच सॉकेटपर्यंत आणावे.

ट्रेलर सुटला तर

हुक सुटल्यास विजेची जोडणीही तुटते आणि ब्रेक निकामी होतो. त्यासाठी ट्रेलरवर १२ व्होल्टची लहान बॅटरी व ब्रेकअवे स्विच बसवतात. स्विचची पिन एका तारेने मोटारीला बांधलेली असते. ट्रेलर सुटून पिन निघाली की ट्रेलरवरील बॅटरी चुंबकांना पूर्ण वीज देते. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार व्यावसायिक वापरातील अशा ट्रेलरचा ब्रेक सुटल्यानंतर किमान १५ मिनिटे लागलेला राहिला पाहिजे. ही तार सुरक्षा-साखळीला न बांधता मोटारीच्या पक्क्या भागाला स्वतंत्रपणे बांधावी. स्विचची चाचणी घेताना आधी ट्रेलरचा प्लग काढावा, म्हणजे उलट आलेल्या विजेने नियंत्रक बिघडत नाही.

जोर जुळवणे

कोरड्या, सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ३५-४० किलोमीटर वेगाने जाताना नियंत्रकाची हाताने चालवायची कळ पूर्ण दाबून पाहावी. ट्रेलरची चाके जाम होऊन घसटू लागली तर जोर कमी करावा. ट्रेलर जेमतेमच मंदावला तर वाढवावा. चाके जाम होण्याच्या किंचित आधीचा जोर योग्य समजावा. ही जुळवणी भरलेल्या ट्रेलरसह करावी.

मधमाशीपालकाने येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पेट्या शेतावर ठेवून परतताना ट्रेलर रिकामा असतो. भरलेल्या ट्रेलरसाठी लावलेला जोर तसाच राहिला, तर रिकाम्या ट्रेलरची चाके पहिल्याच ब्रेकला जाम होतात आणि तो आडवा सरकू शकतो. म्हणून जाण्याचा व येण्याचा असे दोन आकडे लिहून ठेवावेत. ट्रेलर डोलू लागल्यास मोटारीचा ब्रेक जोरात न दाबता वेग हळूहळू उतरू द्यावा आणि नियंत्रकाच्या कळेने ट्रेलरचा ब्रेक हलकेच लावावा; मागील ओढ त्याला सरळ करते. डोलण्याचे मूळ बहुधा भरण्याच्या पद्धतीत असते. जड पेट्या आसावर व खाली ठेवाव्यात आणि हुकवर पुस्तिकेच्या मर्यादेत थोडा भार राहील अशी रचना करावी.

माश्यांच्या दृष्टीने

शिशुकोठीचे तापमान माश्या ३४-३५ अंश सेल्सिअस राखतात. मेण वितळण्यास ६० अंशांहून अधिक तापमान लागत असले, तरी त्याच्या बऱ्याच आधी ते मऊ पडते, आणि मधाने भरलेले नवे पोळे स्वतःच्या वजनानेही निखळू शकते. पेट्या अशा ठेवाव्यात की चौकटी प्रवासाच्या दिशेला समांतर राहतील. मग ब्रेक लागताना पोळी एकमेकांवर आपटत नाहीत. पक्का मध आधी काढून घेतल्यास वजन घटते आणि पोळ्यांवरील ताणही कमी होतो. प्रवास सूर्यास्तानंतर करावा, दारे जाळीने बंद करावीत आणि वर हवेसाठी जाळीचे झाकण असावे.

चालत्या ट्रेलरवर वारा लागतो तोवर बंद पेटीतील उष्णता निघून जाते. थांबलेल्या ट्रेलरवर ती झपाट्याने साठते. म्हणजे फ्यूज शोधण्यात गेलेला अर्धा तास वसाहतीच्या दृष्टीने फार मोठा असतो. राखीव फ्यूज, बल्ब, मीटर व जोडणीचा कागद हाताशी असणे हा वसाहतीच्या संरक्षणाचाच भाग मानावा. रात्री दुरुस्ती करताना लाल प्रकाशाची बॅटरी वापरावी. मधमाशीच्या डोळ्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही. पांढऱ्या प्रकाशाकडे मात्र पेटीबाहेर आलेल्या माश्या धावतात. एक माशी डसली की तिच्या डंखाजवळून निघणाऱ्या गंधाने इतर माश्या चवताळतात. म्हणून हातमोजे व जाळीची टोपी हत्यारांच्याच पिशवीत ठेवावी.

भारतातील वापराविषयी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे आणि त्याची नोंदणी आवश्यक असते. गावच्या कारखान्यात सांगाडा जोडून तो थेट रस्त्यावर आणता येत नाही. खरेदी वा बांधणीपूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालय, मोटारीचा अधिकृत विक्रेता आणि विमा कंपनी या तिघांकडून लेखी खुलासा घ्यावा. परवानगी मिळत नसल्यास तीन-चार पालकांनी मिळून लहान मालवाहू गाडी ठरवणे हाच योग्य मार्ग ठरतो.

या लेखातील दिव्यांचे नियम मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही तंतोतंत लागू पडतात. गाळप हंगामात रात्री ऊस वाहणारी अंधारी ट्रॉली मागच्या दुचाकीस्वाराला दिसत नाही. तिच्या मुळाशी अनेकदा तुटलेले अर्थिंग, सैल प्लग किंवा भार न सोसणारी बारीक वायर असते. ती दुरुस्त करण्यास एका मीटरपलीकडे फारसे काही लागत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी फुलोऱ्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावपातळीवर पुढील तपासणीचे प्रात्यक्षिक घ्यावे :

• प्लग जोडून प्रत्येक दिवा स्वतंत्रपणे व नंतर सर्व एकत्र लावून पाहणे.
• ब्रेकच्या निळ्या वायरीत मीटर जोडून पूर्ण जोरात वीज मोजणे. दोन चुंबकांसाठी ती ६ अँपिअरच्या आसपास असावी. निम्मी आढळल्यास एक चुंबक बंद आहे असे समजावे.
• प्लग काढून ब्रेकअवे स्विचची पिन ओढणे आणि ट्रेलर ओढून चाके धरतात का, हे पाहणे.
• हुक, सुरक्षा-साखळ्या, टायरमधील हवा व चाकांचे नट तपासणे.
• दहा किलोमीटर गेल्यावर थांबून ड्रमजवळ हात नेऊन उष्णता पाहणे. दोन्ही बाजू सारख्या कोमट असाव्यात. एक बाजू अतिशय तापली असेल तर तेथील ब्रेक सुटत नाही, आणि एक अगदी थंड असेल तर तो लागत नाही.

या तपासणीला अर्धा तास पुरतो. ती पेट्या चढवण्यापूर्वी, उजेडात आणि घरच्या अंगणात करावी.